देवांचं काम

1955 साली तिकोपियावर साथ आली आणि सुमारे 200 माणसं दगावली. पॅसिफिकमधलं हे बेट जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. 1952 मध्ये तिथली वस्ती होती साडेसतराशेच्या आसपास. बेटावर चार कुळं आणि चार कुळांचे चार आरिकी, म्हणजे प्रमुख. त्यांतला ताफुआ कुळाचा आरिकी फार आधीच ख्रिस्ती झाला होता. काफिका, तौमाको आणि फांगारेरे हे तिघं जुन्या देवांना धरून होते. साथ ओसरली तेव्हा वर्षातून दोनदा करायचं देवांचं काम उरलेल्या माणसांत उभं राहीना. पुढच्या वर्षाच्या आतबाहेर तिघांनीही बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्यामागे त्यांच्या माणसांनी.

धर्मांतरं जगभर झाली. तलवारीनं झाली, भाकरीनं झाली, पटलं म्हणूनही झाली. इथं कुणी वादात हरलं नव्हतं, देव खोटे ठरले नव्हते. कामाला माणसं नव्हती. देव सोडायला एवढं कारण पुरतं का? हा प्रश्न मला पडतो याचं कारण मी गुरवाच्या घरात जन्मलो, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव तळकोकणातलं. ग्रामदेवीच्या पूजेची पाळी भाऊबंदांत वाटलेली. ज्या वर्षी ज्या घराची पाळी, त्या घरानं पहाटे विहिरीचं पाणी काढायचं, देवीला आंघोळ घालायची, दिवा लावायचा, नैवेद्य दाखवायचा, कुणी अडलानडला आला तर कौल लावून द्यायचा. देव भावाचा भुकेला, असं आपल्याला संतांनी शिकवलं. असेल. पण गुरवाच्या घरात भाव कुणी विचारत नाही, पाणी चढलं का ते विचारतात. धाकटा काका तापानं गेला तेव्हा आजोबा देवळाच्या दारात उभे राहून देवीला नाही नाही ते बोलले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे कळशी घेऊन विहिरीवर तेच गेले.

मी स्वतः नोकरी केली मुंबईत, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. तिथं रेमंड फर्थचं ‘द वर्क ऑफ द गॉड्स इन तिकोपिया’ हाती लागलं. पुस्तक मूळ 1940 चं, दोन भागांतलं; माझ्याकडे आली ती 1967 ची आवृत्ती, जिला नंतरच्या घडामोडींची पुरवणी आहे. फर्थ न्यूझीलंडचा, मालिनोव्स्कीचा विद्यार्थी, पण त्याआधी शिकलेला अर्थशास्त्र. 1928 च्या जुलैत ख्रिस्ती मिशनच्या ‘सदर्न क्रॉस’ जहाजातून तो तिकोपियावर उतरला आणि वर्षभर राहिला. धर्मावर लिहिणारे बहुतेक जण देवांपासून सुरुवात करतात. हा चटयांपासून करतो: कुणी विणल्या, कुणी वाहिल्या, कोनफळं कुणाच्या मळ्यातून आली, शिजवली कुणी, कुणाच्या वाट्याला किती गेली. पानंच्या पानं हेच. कंटाळवाणं आहे, आणि गुरवाच्या पोराला ओळखीचं आहे.

फर्थच्या कितीतरी आधी, एप्रिल 1606 मध्ये, युरोपीय माणसाची या बेटावर पहिली नजर पडली. पेद्रो फर्नांदेस दे किरोस हा जन्मानं पोर्तुगीज, चाकरीनं स्पॅनिश. 1605 च्या डिसेंबरात तीन जहाजं घेऊन तो पेरूच्या कायाओ बंदरातून निघाला होता. सोनं, मसाले हे हिशेब स्पेनच्या दरबाराचे. किरोसला हवे होते आत्मे. दक्षिणेकडे एक अफाट खंड आहे, त्यावर असंख्य माणसं ख्रिस्ताचं नाव न ऐकता मरताहेत, आणि त्यांना वाचवणं देवानं आपल्यावर सोपवलंय, अशी त्याची खात्री होती. वाटेतल्या एका बेटावरून त्यानं चार माणसं बळंच जहाजावर घेतली होती, वाट दाखवायला आणि पुढं बाप्तिस्मा द्यायला. तिकोपियाच्या टापूत आल्यावर त्यांतल्या काहींनी समुद्रात उडी टाकली. शेवटी एकच हाती राहिला. त्याचं नाव पेद्रो ठेवलं गेलं, आणि तो मेक्सिकोत मेला.

त्यानंतर महिन्याभरात किरोस आज वानुआतूत मोडणाऱ्या एका मोठ्या बेटावर पोचला. हाच तो खंड असं धरून दक्षिण ध्रुवापर्यंतचा सगळा मुलूख त्यानं पवित्र आत्म्याच्या नावे केला, नदीला जॉर्डन म्हटलं, नव्या जेरुसलेम शहराची स्थापना केली आणि जहाजावरच्या लोकांना पवित्र आत्म्याचे सरदार बनवलं. तिथल्या रहिवाशांशी मारामाऱ्या झाल्या, माणसं आजारी पडली, आणि सव्वा महिन्याच्या आत जेरुसलेमचा गाशा गुंडाळला गेला. या माणसाला मी हसू शकत नाही. श्रद्धा त्याच्याकडे मण मण होती. पण जेरुसलेम चालवायला रोज उठून काय काय करावं लागेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलेलं दिसत नाही.

पुढची दोनशे वर्षं तिकोपियाला बाहेरच्यांचा फारसा उपद्रव नव्हता. 1813 साली ‘हंटर’ या जहाजानं तिघांना तिथं उतरवलं. फिजीत चंदनाच्या व्यापारावरून मोठी मारामारी झाली होती, तिच्यातून वाचलेली ही माणसं: मार्टिन बुशार्ट हा प्रशियन, त्याची फिजियन बायको आणि जो नावाचा एक लस्कर, म्हणजे आपल्याकडचा खलाशी. 1826 मध्ये पीटर डिलन हा कप्तान तिथून चालला असताना या लस्करानं जहाजावर एक चांदीची वस्तू विकली. ती तलवारीच्या मुठीची होती, आणि तिच्यावरून 1788 पासून बेपत्ता असलेल्या ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्दीच्या दोन जहाजांचा माग लागला. जहाजं शेजारच्या वानिकोरोवर फुटली होती. डिलन कलकत्त्याला गेला, ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला ‘रिसर्च’ हे जहाज दिलं, 1827 मध्ये त्यानं वानिकोरोवरून अवशेष गोळा केले आणि फ्रान्सच्या राजानं त्याला मानमरातब दिले. बुशार्ट वाटाड्या म्हणून डिलनबरोबर गेला. लस्कर गेला नाही.

इतिहासाला या माणसाकडून हवी होती ती तलवारीची मूठ. मला वेगळं काही हवं होतं. तेरा वर्षं तो तिथं राहिला, म्हणजे देवांचं काम त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं असणार, चटया वाहिल्या असणार, प्रसाद खाल्ला असणार. स्वतःच्या देवाचं काय केलं असेल त्यानं? एकट्या माणसाला कुठल्याही धर्माचं काम पुरं करता येत नाही. प्रार्थना करता येते. प्रार्थना आणि काम यांतला फरक त्याच्याइतका कुणाला कळला नसेल.

हे काम होतं तरी काय? सुरुवात काफिकाच्या आरिकीनं करायची, एक जळकं लाकूड विधिपूर्वक ठेवून. तिथून बेटावर सोवळं लागायचं. मग पवित्र होड्यांची डागडुजी. देवळांत नव्या चटया, कारण देवळाच्या जमिनीखाली पूर्वज पुरलेले. जुन्या झावळ्यांवर नवी चटई पडली की त्या पूर्वजाला पांघरूण मिळालं. कोनफळांची काढणी, मैदानातले नाच. अधूनमधून कावा. पॉलिनेशियात इतरत्र हे मुळाचं पेय माणसं पितात. तिकोपियात ते नाव घेऊन देवासाठी जमिनीवर ओतायचं. अन्नातलं सत्त्व देवानं घ्यायचं, उरलेलं माणसांनी खायचं. नैवेद्याच्या ताटाशी वाढलेल्याला हे समजावून सांगायला नको. ज्या आरिकीपुढे सगळं बेट वाकायचं, तो देवाशी बोलताना स्वतःला इतकं हीन करून घ्यायचा की ते शब्द इथं लिहायचे नाहीत. आमच्याकडं गाऱ्हाणं घालणारा मानकरीही घरी वाघ असतो.

आणि हळद. ती मात्र तपशिलानं सांगायलाच हवी. हळद पॉलिनेशियनांच्या पूर्वजांनी आग्नेय आशियातून होडीत घालून पूर्वेला नेली. तिकोपियात ती काफिकाच्या मोठ्या देवाची. मुळं खणून, धुऊन किसायची, कीस पाण्यात कालवून गाळायचा आणि ते पाणी निवत ठेवायचं. तळाशी साका बसतो. वरचं पाणी अलगद काढून टाकायचं, साका लाकडी नळकांड्यांत ओतायचा आणि भट्टीत भाजायचा. नळकांडं फोडल्यावर आतून रंगाची वडी निघते, तिला रेंगा म्हणतात. ती अंगाला लावायची, वल्कलाला लावायची, विधीला वापरायची. या सगळ्या वेळात कामकऱ्यांवर निर्बंध, आवाज नाही, दंगामस्ती नाही, कारण देव जवळ आलेला आहे. साका कमी बसला तर कुणाचं तरी काही तरी चुकलं. जेजुरीला भंडारा उधळणाऱ्या गर्दीत मी उभा राहिलेलो आहे. तिथं हळद विकत मिळते, आनंद फुकट. तिकोपियात हळद निघेपर्यंत कुणी मोठ्यानं बोलत नसे. दोन्ही भक्तीच. दुसरीत मला माझं घर दिसतं.

फर्थ स्वतः नास्तिक, मानवतावादी. धर्म ही माणसाची निर्मिती आहे, हे मत त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही. पण हा सगळा फापटपसारा वाया जातो असं त्यानं कुठंच म्हटलेलं नाही. होड्या खरोखर दुरुस्त व्हायच्या. देवळं शाकारली जायची. अन्न पिकायचं, वाटलं जायचं, खाल्लं जायचं. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी माणसांना पोसावं आणि माणसांनी यज्ञानं देवांना, असं एक चक्र सांगितलंय. आपण त्यावरून घाईघाईनं निष्काम कर्माकडे जातो. तिकोपियावर ते चक्र नुसतं चालत होतं, आणि त्याला किती हात लागतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या चक्रातला एक आरा काळा आहे, तोही सांगतो. कामाच्या काळात रारोकोका नावाच्या जागी आरिकी लोकांना उद्देशून बोलायचा. चोरी करू नका, नीट वागा, यांबरोबर त्यात असायचं की कुटुंबं आवरती ठेवा, बेट लहान आहे. ते आवरण्याच्या रीती सौम्य नव्हत्या. धाकट्या भावांनी लग्न करायचं नाही. गर्भ पाडायचे. कधी जन्मलेलं मूलही राखायचं नाही. तरुण होडीत बसून समुद्रावर जायचे आणि बरेच परतायचे नाहीत. पॅट्रिक कर्च आणि डग्लस येन यांनी 1977-78 मध्ये केलेल्या उत्खननात असं दिसलं, की या बेटावर एके काळी डुकरं होती आणि पुढं नाहीशी झाली. डुकरं मळे फस्त करतात, बेटाला ती परवडेनात, म्हणून माणसांनीच ती संपवली असावीत, असं अभ्यासक मानतात. परवडत नाही ते सोडायचं, ही तिथली जुनी सवय. तिच्यात डुकरंही आली आणि पोरंही. असल्या हिशेबाला मी शहाणपण म्हणणार नाही. पण हिशेब होता, आणि तो देवांसमक्ष मांडला जायचा.

मिशननं तो मोडला. फर्थ आला तेव्हाच फाएआ हा बेटाचा एक भाग बहुतांशी ख्रिस्ती होता, पलीकडचा रावेंगा बहुतांशी जुन्या धर्माचा. मिशनच्या नव्या नियमांत अविवाहित जोडप्यांची लग्नं लावून द्यायची होती, आणि मुलं मारणं अर्थातच पाप. ते पापच. लोकसंख्या 1929 मधल्या जवळपास 1300 वरून 1952 पर्यंत साडेसतराशेवर गेली. 1952 च्या जानेवारीत वादळ आलं, पुढच्या वर्षी आणखी एक. नीरफणस, नारळ, अळू, सगळं झोपलं. दुष्काळ पडला. फर्थ 1952 मध्येच दुसऱ्यांदा बेटावर आला आणि त्यानं देवांचं काम पुन्हा पाहिलं: चाललेलं, पण आटलेलं. जिथं भरपूर वाढायचं तिथं चिमूटभर. त्यानंतर तीन वर्षांनी साथ.

यावर दोन उत्तरं तयार असतात. मिशनरी म्हणेल, शेवटी सत्याचा जय झाला. ते बाजूला ठेवतो, कारण त्या वर्षी सत्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. दुसरं उत्तर समाजशास्त्रातलं आणि जास्त चलाख आहे. एमिल दुर्खाइमनं 1912 मध्ये मांडलं, की देव म्हणजे समाजच. माणसं देवाच्या रूपानं स्वतःच्या समाजाचीच पूजा करतात. मला हे बरीच वर्षं पटत होतं. तिकोपियाशी ते जुळत नाही. फर्थ 1966 मध्ये तिसऱ्यांदा गेला तेव्हा समाज तिथंच होता. चार कुळं तीच, चार आरिकी होते, जमिनी त्याच, नातीगोती तीच, आरिकीपुढे वाकणं तेच. समाज म्हणजेच देव असता तर देवांनी जायचं कारण नव्हतं. गेलं ते काम.

आणि देव? त्यांचं काय झालं म्हणून विचारलं, तर देव नव्हतेच, असं ही ख्रिस्ती झालेली माणसं म्हणत नव्हती. ते होते आणि आहेत. आता त्यांची पूजा होत नाही आणि ते आपल्यापाशी येत नाहीत, एवढंच. फर्थच्या पुस्तकात मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो इथं. आपल्याकडचा नास्तिक देव नाही म्हणून पूजा सोडतो. आस्तिक देव आहे म्हणून करतो, निदान करायला हवी असं म्हणतो. देव आहे, त्याच्यावर माझा राग नाही, पण त्याचं काम माझ्यानं निभत नाही म्हणून मी ते थांबवतो: या तिसऱ्या माणसाला आपल्या तत्त्वज्ञानात कुठं बसवायचं? भक्तिमार्गाचा माणूस म्हणेल, मनात पूजा कर, मानसपूजेला हात लागत नाहीत. पण चटई मनात टाकून पूर्वजाला पांघरूण मिळत नाही. आरिकींना पळवाट हवी असती तर तीही निघाली असती. काम आणखी आटवायचं, एक चटई, एक थेंब कावा, आणि देवानं गोड मानून घ्यावं. दुष्काळात ते करून झालं होतं. त्यापुढं जाऊन देवाला उपाशी ठेवून देव्हाऱ्यात बसवण्यापेक्षा त्यांनी उघडपणे थांबायचं ठरवलं. मला हा निर्णय धार्मिक वाटतो, कदाचित त्यांनी केलेल्या कुठल्याही विधीइतकाच.

एक वाट मात्र त्यांना मुळातच नव्हती, आणि ती आम्ही धरतो आहोत. काफिकाच्या देवळातली चटई काफिकाच्याच माणसानं टाकायची, तौमाकोची होडी तौमाकोच्याच माणसांनी उचलायची. बाहेरून माणूस आणून भागत नव्हतं. आमच्याकडं पाळीची निम्मी घरं कुलपात आहेत. मुलं ठाण्यात, पुण्यात, एक ऑकलंडला. चुलतभावानं प्रस्ताव ठेवलाय की पगारी पुजारी ठेवू, प्रत्येक घरानं महिन्याला वर्गणी पाठवावी. त्याचा मुद्दा बिनतोड आहे: देवीला पाण्याशी मतलब, कळशी कुणाच्या हातातली हे ती कशाला बघते? आजोबांचंच तर्कशास्त्र तो माझ्यावर उलटवतो. मी म्हटलं, पाणी तो चढवेल, कौल कोण लावणार? गावातला माणूस वांझ म्हशीपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं घेऊन येतो. त्या माणसाच्या तीन पिढ्या माहीत नसलेल्यानं देवीला काय विचारायचं?

यावर बराच वाद झाला, फोनवरच. अखेर असं ठरलं की पगारी माणूस चालेल का, हे देवीलाच विचारू. कौलाच्या पाकळ्या लावायला मला बोलावलंय. भाऊबंदांत कौल लावता येणारा हिंडताफिरता माणूस आता मीच. वर्गणीचा आकडाही ठरला आणि पुजाऱ्याशी बोलणं झालंय. कौल उलटा आला तर काय करायचं, हा विषय कुणी काढला नाही.